घाटाआधीचा वडा

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीला कर्जतला एक हलका धक्का बसतो. आधी फलाटावरून "वडाऽ, गरम वडाऽ" असा पुकारा येतो. खिडक्यांतून हात बाहेर जातात, कागदाच्या पुड्या आत येतात आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच डबा मागून किंचित पुढे ढकलला जातो. "चला, इंजिन लागलं," म्हणून सवयीचा प्रवासी दुसरा वडा उचलतो. माझ्या लहानपणी, आणि लग्न होऊन मी पुण्याला आले त्यानंतरही काही वर्षं, तो धक्का देणाऱ्या माणसांत माझे बाबा होते.

बाबा बँकरवर होते. सासरी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "कुठल्या बँकेत?" रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणजे घाट चढण्यासाठी गाडीच्या मागे लावायचं जादा इंजिन. कर्जतला अशी दोन इंजिनं लागतात, गाडी जड असेल तर तीन. लोणावळ्यापर्यंत ती गाडीला ढकलत नेतात, तिथे सुटतात आणि घाट उतरून परत कर्जतला येतात. पुन्हा दुसरी गाडी, पुन्हा तोच डोंगर. बाबांनी हजारो माणसं पुण्याच्या वाटेला लावली, पण ड्यूटीवर असताना लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन त्यांनी कधी पाहिलं नाही.

कर्जतची म्हटलं की लोक मला वड्याबद्दल विचारतात. त्या वड्यात असं काय आहे, पाणी वेगळं का, बेसन वेगळं का. मी एकच उत्तर देते. त्या वड्यात घाट आहे. कर्जतनंतर सरळ सपाट रूळ असते तर गाडी तिथे थांबली नसती आणि गाडी थांबली नसती तर तो वडा सगळ्या महाराष्ट्राच्या जिभेवर गेला नसता.

हा घाट म्हणजे बोरघाट. कर्जत मुंबईपासून १०० किलोमीटरवर आहे, लोणावळा १२८वर. मधल्या २८ किलोमीटरांत गाडी साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढते. सगळ्यात उभ्या भागात दर ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं, त्याला पकड कमी. रस्त्यावरचा ट्रक ज्या चढाकडे बघतही नाही, तिथे रेल्वेचं इंजिन घाम गाळतं. म्हणून पुढून ओढायला एक आणि मागून रेटायला दोन.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. तीन वर्षांत, १८५६ साली, रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोचले. वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८च्या जूनमध्ये सुरू झाला. मध्ये राहिला डोंगर. त्यापुढची जवळजवळ पाच वर्षं पुण्याला निघालेला माणूस खोपोलीला गाडीतून उतरायचा, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करायचा, १८३० साली झालेल्या रस्त्याने घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. त्या रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला एका धनगराने दाखवली आणि बदल्यात त्यालाच जीव गमवावा लागला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. अजूनही ड्रायव्हर तिथे गाडीचा वेग कमी करतात आणि नाणं टाकतात. बाबा रेल्वेचे, त्यांची वाट वेगळी. पण एस.टी.ने घाट चढायची वेळ आली की खिशातलं नाणं ते आधीच हातात काढून ठेवायचे.

रेल्वेचा घाट बांधायला १८५६ साली सुरुवात झाली. आराखडा मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचा आणि कंत्राट फॅव्हिएल नावाच्या इंग्रजाचं. मजुरी थकली, म्हणून १८५९च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला आणि पुढे फॅव्हिएलने काम सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो इथे पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याची बायको अॅलिस मायदेशी परतली नाही. तिने कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतलं, हाताखाली जाणती माणसं नेमली आणि घाट पुरा करून दिला. चालू कामाचे फोटोही तिने काढून ठेवले. नवऱ्याच्या मरणाचं दुःख गिळून परक्या मुलखातला डोंगर फोडून घेणारी ती बाई मला फार जवळची वाटते.

तिच्याहूनही जवळची वाटतात ती ज्यांची नावं राहिली नाहीत ती माणसं. १८६१च्या सुरुवातीला या घाटात ४२ हजारांहून अधिक मजूर होते. आजचं सबंध कर्जत गाव आठवून मी तो आकडा मनात बसवायचा प्रयत्न करते आणि तो बसत नाही. काही ठिकाणी कडा इतका ताशीव की उभं राहायला जागा नाही, तिथे माणसं वरून दोरांना लटकत आणि लोंबकळतच सुरुंगाची भोकं पाडत. पटकीच्या साथी आल्या, तापाने माणसं गेली, हजारोंनी गेली. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल उभे राहिले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी खंडाळ्याला समारंभ करून मार्ग खुला केला.

तेव्हापासून घाटाच्या पायथ्याला गाडीने थांबायचं हे ठरून गेलं. खंडाळ्याजवळ तर सुरुवातीला डोंगराची धार इतकी अरुंद होती की वळण घ्यायला जागा नव्हती. तिथे गाडी एका फाट्यावर जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. नवे बोगदे काढून १९२९ साली ती जागा टाळली. त्याच वर्षी कल्याण-पुणे मार्गावर वीज आली आणि पुढच्या वर्षी, १ जून १९३० रोजी, दख्खनची राणी सुरू झाली. आगीची आणि वाफेची इंजिनं जाऊन विजेची आली, तरी कर्जतचा थांबा गेला नाही. डोंगर तेवढाच उभा होता.

विजेबरोबर जी मालगाड्यांची इंजिनं आली, त्यांना आमच्याकडे 'खेकडा' म्हणत. मधलं धड वेगळं, दोन्ही बाजूंची लांब नाकाडं वेगळी, त्यामुळे वळणावर ते खरंच खेकड्यासारखं अंग मोडत जायचं. उभं असताना घशातून घरघर आवाज काढायचं. बाबा असिस्टंट म्हणून लागले तेव्हा घाटात हे खेकडेच होते. ते त्यांच्याबद्दल गोठ्यातल्या जुन्या बैलाबद्दल बोलावं तसं बोलायचे. "हट्टी होता, पण चढावर कधी दगा दिला नाही."

आमचं क्वार्टर रुळांच्या इतकं जवळ होतं की मांडणीतल्या पितळी वाट्या गाडीबरोबर किणकिणायच्या. रात्री-अपरात्री कॉल बॉय कंदील आणि वही घेऊन यायचा, दाराची कडी वाजवायचा आणि बाबा झोपेतच वहीत सही करायचे. त्याआधीच आई उठलेली असायची. तिला कुणी उठवावं लागायचं नाही. दोन तांदळाच्या भाकऱ्या, घट्ट पिठलं किंवा सुक्या बोंबलाची चटणी आणि एक अख्खा कांदा. कांदा ती कधी चिरून द्यायची नाही. बाबा तो इंजिनात बुक्कीने फोडायचे. डब्याला फडकं बांधताना ती गाठीवर एकदा हात दाबायची. तो तिचा नमस्कार होता की काळजी, हे मी तिला विचारलं नाही. आता मी प्रवासाला निघालेल्या नातवाचा डबा बांधते तेव्हा माझाही हात तसाच दाबला जातो.

क्वार्टरांच्या त्या ओळीत सगळा देश होता. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गोव्याकडचे ख्रिस्ती, मद्राशी फिटर, घाटावरचे, कोकणातले. नाताळात शेजारून केक यायचा, आमच्याकडून दिवाळीत करंज्या जायच्या. पहिलं चटकदार कटलेट मी त्याच शेजारी खाल्लं. पुढे कितीतरी वर्षांनी दख्खनच्या राणीच्या डायनिंग कारमध्ये कटलेट मागवलं तेव्हा मला चव अनोळखी वाटली नाही. आमच्या मागच्या अंगणातलीच ती होती.

घाटाचं शास्त्र बाबांनी मला भाकरीच्या तुकड्यांनी शिकवलं होतं. ताटात एकामागे एक तुकडे मांडायचे, हे डबे. पुढे एक बोट, ते मोठं इंजिन. मागे दोन बोटं, ते बँकर. "मागच्याला पुढचा सिग्नल दिसत नाही," ते सांगायचे. "पुढचा शिट्टी देतो, आपण उत्तर द्यायचं. बाकी सगळं पाठीला कळतं. आपण जास्त रेटलं तर मधल्या डब्यातला माणूस हिंदकळतो, कमी रेटलं तर पुढचा खेचून दमतो." उतरतानाची तऱ्हा आणखी वेगळी. खाली येणाऱ्या गाडीने मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबायलाच हवं. तिथला सांधा मुळातच डोंगराच्या बाजूच्या चढत्या फाट्याकडे लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवलं, तरच खालच्या मार्गाचा सांधा मिळतो. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच, तर ती त्या फाट्यावर चढून अडावी, दरीत जाऊ नये. "चढाला ताकद लागते, उताराला अक्कल," हे बाबांचं वाक्य आमच्या घरात रेल्वेपेक्षा संसारालाच जास्त वेळा लावलं गेलं.

आता वड्याकडे येते. कर्जतच्या फलाटावर दिवाडकरांचं नाव साऱ्यांना ठाऊक. त्या नावाने कितीतरी प्रवाशांनी आपलं पुण्याचं वेळापत्रक ठरवलं. पण फलाटावरच्या पोरांना वडा नावाने नाही, वेळेने कळायचा. गाडी नेरळ सोडून निघाली की कढईखालची आच मोठी व्हायची. एका मोठ्या परातीत भाजीचे गोळे वळून ठेवलेले असायचे. बटाटा पिठासारखा गुळगुळीत केलेला नसायचा, हाताला फोडी लागतील इतपतच कुस्करलेला. त्यात आलं, लसूण, हिरवी मिरची, हळद, कोथिंबीर. तळणारा माणूस गोळा बेसनात बुडवायचा आणि कढईच्या कडेने अलगद सोडायचा, मधोमध टाकायचा नाही. वडा तळाला जायचा, क्षणभर दिसेनासा व्हायचा आणि स्वतःहून वर यायचा. वर आल्यावर झारा लागायचा, त्याआधी नाही. गाडी फलाटाला लागेपर्यंत पहिला घाणा निथळत असायचा.

मग विकणाऱ्यांचा खरा कस. ताट डोक्याच्या पातळीला, एका हाताने वडे, दुसऱ्या हाताने सुटे पैसे, वर लसणाची तिखट सुकी चटणी चिमटीने. डोळे खिडकीकडे आणि अंग गाडीच्या मागच्या टोकाकडे. मागून इंजिन टेकल्याचा धक्का फलाटावरही कळतो, डबे एकामागून एक खणखणत जातात. तो आवाज झाला की आता थोडाच वेळ उरला हे प्रत्येक विकणाऱ्याला माहीत. हात दुप्पट चालायचे. पैसे घेऊन वडा द्यायचा राहिला, तर पोरगं गाडीबरोबर धावायचं आणि पुडी खिडकीत टाकूनच थांबायचं. ते पळणं मी माझ्या डोळ्यांनी कितीदा पाहिलंय.

त्या एका पुडीत किती लांबचा प्रवास आहे याचा विचार मला मोठेपणी सुचला. बटाटा आणि मिरची दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागलेल्या. 'बटाटा' हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला, आणि सोबतचा 'पाव'ही. हरभरा, हळद, आलं, लसूण आपल्याकडे आधीपासून होतंच. समुद्राने आणलेलं आणि देशावर पिकलेलं डोंगराच्या पायथ्याशी एका कढईत आलं.

फलाटावर फक्त वडाच नव्हता, हेही सांगायला हवं. एप्रिल-मे आला की ठाकर आणि कातकरी बाया डोंगरातून पहाटे निघून स्टेशनवर यायच्या. पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं, कधी ताडगोळे. त्या ओरडायच्या नाहीत. खिडकीशी द्रोण उंच धरून नुसत्या उभ्या राहायच्या. ज्या रानातून हा घाट काढला ते रान त्यांच्या पूर्वजांचं. घाटातल्या ठाकूरवाडी स्टेशनाच्या नावात तेवढी एक खूण उरली आहे. आई त्यांच्याकडून घासाघीस न करता घ्यायची. "तिने डोंगर उतरलाय, आपण ओटा उतरलो," असं म्हणायची.

माझं लग्न १९७७च्या मे महिन्यात झालं. सासर पुण्याला, नारायण पेठेत. वऱ्हाडाबरोबर मी दुपारच्या गाडीत बसले. बाबांनी सकाळीच निरोप घेतला होता, कारण त्यांनी रजा लग्नाच्या दिवसापुरतीच घेतली होती आणि निघायच्या दिवशी ड्यूटी लावून घेतली होती. गाडी सुटायच्या थोडं आधी ते फलाटावरून खाकी कपड्यांत चालत आले. माझ्या खिडकीशी थांबले. हातात वड्यांची पुडी होती, कागदाला तेल सुटलेलं. "खाऊन घे पोरी, तिकडे पोचेपर्यंत रात्र होईल," एवढंच बोलले आणि गाडीच्या मागच्या टोकाकडे निघून गेले. मग धक्का बसला. इतका हलका की शेजारच्या आत्याबाईंच्या हातातला पाण्याचा पेला हललाही नाही. सगळा घाट मी पाठ बाकाला घट्ट टेकून बसले. बोगदे येत होते, जात होते, आणि प्रत्येक चढावर मागून येणारा तो रेटा मला माझ्या पाठीत कळत होता.

लोणावळ्याला इंजिनं सुटली. गाडी पुढे निघाली तेव्हा मी वळणावर खिडकीतून मागे पाहिलं. दोन इंजिनं मागे उभी होती, लहान होत गेली. लेकीला सासरी पोचवायला बापाने किती वाटेपर्यंत जावं याला आपल्याकडे वेशीची मर्यादा होती. माझ्या बाबांनी मला एक अख्खा डोंगर चढवून दिला.

वडा मी खाल्ला. तोवर गार झाला होता.

आता बाबा नाहीत. क्वार्टरची ती ओळही नाही. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि माझ्या मुलांच्या पिढीला घाट म्हणजे फूड मॉल आणि टोल नाका. १० फेब्रुवारी २०२३ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत, त्यामुळे ती बोरघाट बँकर न लावता चढते. कर्जतला थांबायचं तिला कारणच नाही आणि थांबली तरी तिच्या खिडक्या उघडत नाहीत. मी त्या गाडीने गेले आहे. छान गाडी आहे. घाटातल्या माणसांचे कष्ट ज्याने कमी होतात त्याला मी वाईट म्हणणार नाही, बाबांनीही म्हटलं नसतं. इंजिनातला उन्हाळा ज्याने भोगला तो यंत्र सुधारल्याचा राग धरत नाही.

पण एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपण प्रवासाच्या आठवणीत पदार्थ ठेवतो आणि तो पदार्थ जिथे मिळाला तो थांबा विसरतो. कर्जतचा वडा घरी कितीही नीट केला तरी तसा लागत नाही, असं सगळे म्हणतात. तो तसा लागणारच नाही. त्याच्या मागे दोरावर लटकून सुरुंग ठासणारे मजूर आहेत, परातीत गोळे वळून गाडीची वाट पाहणारे हात आहेत, आणि गाडीच्या शेपटाला, कुणाला न दिसणाऱ्या जागी बसून पुढच्याच्या शिट्टीला उत्तर देणारा माणूस आहे.

बऱ्याच गाड्या अजून कर्जतला थांबतात आणि त्यांना मागून इंजिनं लागतात. तुमची गाडी थांबली तर वडा जरूर घ्या, गरम असतानाच खा. आणि तो हलका धक्का बसला की क्षणभर खाणं थांबवून मागे बघा. तिथे कुणीतरी घरचा डबा घेऊन आलेलं असतं आणि तुम्हाला लोणावळ्याला सोडून ते परत खाली जाणार असतं.